‘कमीत कमी’ म्हटले की मुले ‘<’ का लिहितात? असमानता आणि संभाव्यता शिकवताना परत परत येणाऱ्या चुका आणि त्यांवरचे उपाय

समस्येचे स्वरूप

अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांना असमानता आणि संभाव्यता शिकवणाऱ्या शिक्षकांना एक अनुभव नक्कीच ओळखीचा असेल. प्रकरण शिकवून होते, फळ्यावरची उदाहरणे मुले न अडखळता सोडवतात, चाचणीतले गुणही समाधानकारक असतात. आणि महिन्याभराने तोच प्रश्न जरा वेगळ्या शब्दांत विचारला की त्याच जुन्या चुका वहीत पुन्हा उतरलेल्या दिसतात. −२क्ष < ६ चे उत्तर क्ष < −३ असे येते. दोन फाशांवरील बेरीज ११ येणे आणि १२ येणे सारखेच संभवनीय ठरते. ‘कमीत कमी एक छापा’ या शब्दांचा अर्थ कोणी ‘नेमका एक छापा’ असा घेते, तर कोणी ‘एक किंवा त्याहून कमी’ असा.

यावर मी बरीच वर्षे अधिक सरावाची उदाहरणे देत आले. चुका थोड्या कमी झाल्या, पण गेल्या नाहीत, कारण ज्या रीतीचा सराव होत होता तिच्यातच काही चुकांचे मूळ होते. दोन्ही प्रकरणांतील चुकीच्या उत्तरांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यावर एक गोष्ट स्पष्ट झाली. गणिताचे उत्तर म्हणजे एक संख्या, ही मुलांची तोवरची पक्की समजूत असते. क्ष + ५ = ९ मध्ये ती चालते. क्ष + ५ > ९ मध्ये मात्र उत्तर हा संख्यांचा संच असतो, आणि संभाव्यतेत उत्तर वरवर एकच अपूर्णांक दिसला तरी त्याचा छेद म्हणजे सर्व निष्पत्तींच्या, म्हणजे घडू शकणाऱ्या सर्व निकालांच्या, संचाची मोजदाद असते. हा संच मुलाने डोळ्यांसमोर आणलेलाच नसतो. तो न आणता उत्तर काढता येईल अशा युक्त्या आपण त्याला शिकवलेल्या असतात, आणि युक्ती विसरली की हाती काहीच उरत नाही. खालील सारे उपाय या एका निदानावर आधारलेले आहेत.

आधी निदान: चार प्रश्न

उपाय सुरू करण्यापूर्वी वर्गात नेमकी कोणती चूक आहे हे पाहणे आवश्यक आहे, कारण एकाच चुकीच्या उत्तरामागे दोन मुलांचे दोन वेगळे विचार असू शकतात. मी पुढील चार प्रश्न कोऱ्या कागदावर, गुण न देता, सोडवून घेते आणि प्रत्येक उत्तराखाली एक वाक्य कारण लिहायला सांगते.

१. क्ष > ४ ही असमानता सत्य ठरवणाऱ्या पाच संख्या लिहा.

२. ‘क्ष ही संख्या कमीत कमी ७ आहे’ हे चिन्ह वापरून लिहा.

३. दोन फासे एकदम टाकले. बेरीज ११ येणे अधिक संभवनीय की १२ येणे? की दोन्ही सारखेच?

४. एक चांगले नाणे चार वेळा उडवले आणि चारही वेळा छापा पडला. पाचव्या वेळी काटा पडण्याची संभाव्यता किती?

पहिल्या प्रश्नाला जो मुलगा ५, ६, ७, ८, ९ लिहितो त्याचे उत्तर चूक नाही, पण पुढे ‘४ आणि ५ यांच्यामधली एखादी संख्या चालेल का?’ असे विचारल्यावर तो गोंधळला, तर त्याच्या मनातली संख्यारेषा ही सुट्या ठिपक्यांची रांग आहे असे समजावे. जो फक्त ५ लिहून थांबतो तो अजून समीकरणच सोडवतो आहे. दुसऱ्या प्रश्नाला क्ष < ७ किंवा क्ष ≤ ७ असे उत्तर आले तर अडचण भाषेची आहे. तिसऱ्यात ‘दोन्ही सारखेच’ म्हणणाऱ्याने निष्पत्ती मोजलेल्या नाहीत, बेरजा मोजल्या आहेत. चौथ्यात उत्तरापेक्षा कारण महत्त्वाचे: ‘आता काट्याची पाळी आहे’ असे लिहिणारा आणि ‘काय पडेल ते सांगता येत नाही, म्हणून १/२’ असे लिहिणारा, हे दोघेही चुकत आहेत, आणि दुसऱ्याचे उत्तर बरोबर आल्यामुळे त्याची चूक सहसा तशीच राहून जाते.

पहिली अडचण: ‘चिन्ह’ हा शब्द

असमानतेतील सर्वांत चिवट चूक दिशेची आहे, आणि तिला आपल्या वर्गातली भाषा मोठ्या प्रमाणात जबाबदार आहे, असे माझे ठाम मत आहे. समीकरणे शिकवताना ‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ हे वाक्य मुलांनी शेकडो वेळा ऐकलेले असते. असमानतेत आपण त्यांना सांगतो, ‘ऋण संख्येने गुणले की चिन्ह बदलते.’ पहिल्या वाक्यातले चिन्ह अधिक-उणेचे आहे आणि दुसऱ्या वाक्यातले लहान-मोठेपणाचे, पण ऐकणाऱ्याला दोन्हीकडे एकच शब्द ऐकू येतो. परिणाम तीन प्रकारचे दिसतात:

क्ष + ५ < ९ यातला ५ पलीकडे नेताना काही मुले क्ष > ४ लिहितात, कारण बाजू बदलली.

२क्ष < −६ यात कुठेतरी ऋण चिन्ह दिसते म्हणून काही मुले क्ष > −३ लिहितात. येथे भागाकार धन २ ने झाला आहे, त्यामुळे बरोबर उत्तर क्ष < −३ हेच आहे.

−२क्ष < ६ यात काही मुले ६ चे −६ करतात किंवा उत्तरातले उणे काढून टाकतात, आणि ‘चिन्ह बदलले’ म्हणून समाधान मानतात.

उपायाचा पहिला भाग अगदी साधा आहे. ‘चिन्ह’ हा शब्द अधिक-उणेसाठी राखून ठेवावा आणि असमानतेच्या खुणेबद्दल बोलताना नेहमी ‘दिशा’ म्हणावे. ‘ऋण संख्येने गुणले की असमानतेची दिशा उलटते’, असे आपण एकदा नव्हे तर प्रत्येक वेळी म्हटले पाहिजे. ‘पलीकडे नेणे’ हा शब्दप्रयोगही काही आठवडे बाजूला ठेवावा आणि ‘दोन्ही बाजूंतून ५ वजा केले’ असे पूर्ण वाक्य वहीत लिहायला लावावे. त्याने वेळ लागतो, पण वजाबाकीने दिशा का बदलत नाही हा प्रश्न त्यातूनच सुटतो: संख्यारेषेवरच्या दोन संख्या एकाच अंतराने डावीकडे सरकल्या, तर उजवीकडची संख्या उजवीकडेच राहते.

दुसरा भाग म्हणजे नियम सांगण्यास उशीर करणे. पहिले आठ-दहा तास मी दिशा उलटण्याचा नियम सांगतच नाही. −२क्ष < ६ समोर आले की मुलांना क्ष चे पद दुसऱ्या बाजूला धन करून घ्यायला सांगते. दोन्ही बाजूंत २क्ष मिळवले की ० < ६ + २क्ष होते, दोन्ही बाजूंतून ६ वजा केले की −६ < २क्ष, आणि २ ने भागले की −३ < क्ष. कुठेही काही उलटावे लागले नाही, आणि तरीही शेवटी क्ष हा −३ पेक्षा मोठा आला. अशी दहा-बारा उदाहरणे झाली की मूळ असमानता आणि उत्तर यांतली दिशा दर वेळी उलटी दिसते हे वर्गातले कोणीतरी स्वतःहून बोलून दाखवते. त्या क्षणी संख्यारेषेवर २ आणि ५ दाखवावेत, शून्याभोवती त्यांचे प्रतिबिंब घेऊन −२ आणि −५ दाखवावेत, आणि आधी उजवीकडे असलेली संख्या आता डावीकडे गेली हे मुलांनी बोटाने दाखवावे. नियम आता त्यांचा होतो. विसरला तरी परत मिळवता येतो, आणि माझ्या मते नियम पाठ असण्यापेक्षा तो परत मिळवता येणे अधिक मोलाचे आहे.

मगरीच्या तोंडाची आठवणही मी सोडून दिली आहे. ‘मगर मोठ्या संख्येकडे तोंड उघडते’ हे लहान वर्गात ३ आणि ८ यांच्यासाठी ठीक आहे, पण ४ < क्ष मध्ये मोठी संख्या कोणती हेच माहीत नसते, आणि खुणेचे टोक डावीकडे दिसते म्हणून मुले संख्यारेषेवर बाणही डावीकडे काढतात. त्याऐवजी मी खुणेची गोष्ट सांगते. रॉबर्ट रेकॉर्ड याने १५५७ मध्ये ‘=’ ही खूण निवडताना कारण दिले की समान लांबीच्या दोन समांतर रेषांहून अधिक समान काही असू शकत नाही. १६३१ मध्ये, थॉमस हॅरियट याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी छापलेल्या त्याच्या पुस्तकात ‘<’ आणि ‘>’ या खुणा आल्या. त्या दोन समांतर रेषा एका टोकाला मिटल्या आणि दुसऱ्या टोकाला उघडल्या असे फळ्यावर काढून दाखवले की मिटलेली बाजू लहान आणि उघडी बाजू मोठी हे मगरीशिवाय लक्षात राहते. खुणा नेमक्या अशाच विचाराने तयार झाल्या असा माझा दावा नाही. समजण्यासाठी चित्र उपयोगी आहे, एवढेच. शिवाय ४ < क्ष वाचताना नेहमी चलापासून सुरुवात करायची, म्हणजे ‘क्ष हा ४ पेक्षा मोठा’ असे वाचायचे, ही सवय लावली की बाणाची चूक जवळजवळ नाहीशी होते.

मुख्य उपाय: तीन संख्यांचा ताळा

समीकरणाचा ताळा एका संख्येने होतो, आणि मुले असमानतेतही तेच करतात किंवा ताळा पाहणेच सोडून देतात. असमानतेला तीन संख्यांचा ताळा लागतो: एक सीमेवरची, एक सीमेच्या अलीकडची आणि एक पलीकडची.

−२क्ष < ६ मध्ये सीमा −३ आहे. क्ष = −३ घेतले तर ६ < ६ मिळते, जे असत्य आहे; म्हणून सीमेवर पोकळ वर्तुळ. क्ष = −४ घेतले तर ८ < ६, असत्य; डावी बाजू गेली. क्ष = ० घेतले तर ० < ६, सत्य; उजवी बाजू आली. तीन ओळींत दिशा ठरली, सीमा उत्तरात आहे की नाही हे ठरले, आणि पोकळ वर्तुळ काढायचे की भरीव ठिपका या पाठांतराची गरजच उरली नाही. ज्या मुलाने दिशा चुकीची ठेवली असेल त्याला ती चूक शिक्षकाच्या लाल खुणेशिवाय स्वतःच दिसते.

हा ताळा अतिरिक्त काम म्हणून सांगितला तर मुले तो करत नाहीत. म्हणून काही दिवस मी क्रमच उलटा ठेवते: आधी सीमा शोधा, मग तीन संख्या तपासा, मग संख्यारेषेवर उत्तर काढा, आणि सर्वांत शेवटी बीजगणिताची रीत लिहा. ज्यांना रीत पटकन जमते त्यांना हा क्रम कंटाळवाणा वाटतो. पण संच डोळ्यांसमोर आणण्याची सवय याच क्रमाने लागते, आणि पुढे संभाव्यतेत ती कामी येते.

दुसरी अडचण: ‘कमीत कमी’, ‘जास्तीत जास्त’ आणि त्यांची भावंडे

‘कमीत कमी ७’ यात ‘कमी’ हा शब्द दोनदा येतो आणि उत्तर मात्र ≥ येते. ‘जास्तीत जास्त ७’ मध्ये ‘जास्त’ ऐकू येते आणि उत्तर ≤ असते. शब्दातला परिचित भाग पकडून चिन्ह लिहिणाऱ्या मुलाला दोष देता येत नाही, कारण आदल्याच तासाला ‘७ पेक्षा कमी’ म्हणजे ‘<’ असे आपणच त्याला शिकवलेले असते. ‘७ पेक्षा कमी नाही’ हा त्याहून पुढचा पेच, कारण तिथे ‘कमी’ आणि ‘नाही’ यांचा मिळून अर्थ लावावा लागतो आणि ७ स्वतः उत्तरात येतो हे शब्दांत कुठेच दिसत नाही.

शब्द आणि चिन्हे यांचा तक्ता भिंतीवर लावून हे सुटत नाही. मी तो दोन वर्षे लावून पाहिला. तक्ता समोर असेपर्यंत उत्तरे बरोबर येतात, तक्ता काढला की चूक परत येते. याचे कारण असे की ‘कमीत कमी ७’ हे शब्द एका संख्येची ७ शी तुलना करत नाहीत. चालणाऱ्या सर्व संख्यांमध्ये सर्वांत लहान कोणती, ते सांगतात. संचच मनात नसेल, तर त्यातली सर्वांत लहान संख्या या कल्पनेला काही अर्थ राहत नाही.

येथेही तीन संख्यांचा ताळाच लागू पडतो, फक्त प्रश्न मराठीत विचारायचा. फळ्यावर वाक्य लिहावे: ‘संघात कमीत कमी ७ खेळाडू हवेत.’ मग ओळीने विचारावे: ६ चालतील का? ७ चालतील का? ८ चालतील का? मुले नाही, हो, हो असे उत्तर देतात आणि त्यात एकही मूल चुकत नाही, कारण वाक्याचा अर्थ त्यांना रोजच्या बोलण्यातून पक्का ठाऊक असतो. त्या तीन उत्तरांवरूनच संख्यारेषेवर ७ वर भरीव ठिपका आणि उजवीकडे बाण काढावा, आणि चिन्ह सर्वांत शेवटी लिहावे: क्ष ≥ ७. ‘किमान’, ‘निदान’, ‘कमाल’, ‘७ पर्यंत’, ‘७ च्या आत’ ही सर्व वाक्ये याच तीन प्रश्नांतून जाऊ द्यावीत. ‘७ च्या आत’ मध्ये ७ धरायचे की नाही यावर वर्गात वाद होईल. तो होऊ द्यावा, आणि बोलीभाषेतली संदिग्धता चिन्हात उतरवताना आपल्याला निर्णय घ्यावा लागतो हे मुलांना त्या वादातूनच कळू द्यावे.

अजून एक गोष्ट. खेळाडूंच्या उदाहरणात ७.५ ही संख्या अर्थहीन आहे, पण उंची, वजन, वेळ यांच्या उदाहरणांत ती अगदी योग्य आहे. दोन्ही प्रकारची उदाहरणे एकाच तासाला द्यावीत आणि ‘या संचात अपूर्णांक येतात का?’ हा प्रश्न दर वेळी विचारावा. निदानातल्या पहिल्या प्रश्नात जे मूल केवळ पूर्ण संख्यांवर थांबले होते त्याच्यासाठी हा प्रश्नच औषध आहे.

तिसरी अडचण: निष्पत्ती न मोजता बेरजा मोजणे

दोन फाशांवर ११ एकाच प्रकारे मिळते, ५ आणि ६ मिळून. १२ सुद्धा एकाच प्रकारे मिळते, ६ आणि ६ मिळून. म्हणून दोन्हींची संभाव्यता सारखी, हा विचार लायब्निट्झसारख्या गणितज्ञानेही केला होता. मुलांना मी हे आवर्जून सांगते, कारण आपली चूक मूर्खपणाची नव्हती हे कळले की ती दुरुस्त करणे सोपे जाते.

उपाय म्हणजे फाशांना वेगवेगळे रंग देणे. एक लाल आणि एक निळा फासा घेतला की ‘लाल ५, निळा ६’ आणि ‘लाल ६, निळा ५’ या दोन वेगळ्या निष्पत्ती आहेत हे डोळ्यांना दिसते. ६ आणि ६ ची निष्पत्ती मात्र एकच. ३६ घरांचा तक्ता छापील देऊ नये, मुलांनी स्वतः आखून भरावा. ११ दोन घरांत येते, १२ एका घरात, ७ सहा घरांत. रंग पुसले तरी फाशांचे वागणे बदलत नाही, हा मुद्दा वेगळा सांगावा लागतो. काही मुलांना प्रामाणिकपणे असे वाटते की रंग दिल्यामुळेच निष्पत्ती वाढल्या.

यानंतर प्रयोग करावा, पण त्यात एक धोका आहे आणि तो मी सुरुवातीला ओळखला नव्हता. एका जोडीने फासे ३६ वेळा टाकले तर त्यात १२ एकदाही न येण्याची संभाव्यता सुमारे ३६ टक्के असते. म्हणजे २० जोड्यांच्या वर्गात साधारण सात जोड्यांना १२ दिसणारच नाही, आणि काही जोड्यांना १२ हे ११ पेक्षा जास्त वेळाही दिसेल. प्रत्येक जोडीने आपापल्या ३६ फेकींवरून निष्कर्ष काढला तर प्रयोग चुकीचा धडा शिकवतो. सर्व जोड्यांचे निकाल फळ्यावर एकत्र करावेत: २० जोड्यांच्या ७२० फेकींत ११ साधारण ४० वेळा आणि १२ साधारण २० वेळा अपेक्षित आहे, आणि एवढ्या फेकींत फरक सहसा स्पष्ट दिसतो.

‘किंवा’ची चूकही याच घरातली आहे. फाशावर २ ने किंवा ३ ने विभाज्य संख्या पडण्याची संभाव्यता मुले ३/६ + २/६ = ५/६ अशी काढतात. संच लिहून घेतला की २, ३, ४, ६ अशा चारच संख्या दिसतात, आणि ६ दोनदा मोजला गेला हे कळायला स्पष्टीकरण लागत नाही.

चौथी अडचण: ‘काट्याची पाळी’ आणि ‘काही सांगता येत नाही’

येथे संच लिहूनही चूक जात नाही, म्हणून हिच्यावर जास्त वेळ द्यावा.

‘१/२’ म्हणजे दहा वेळांपैकी पाच वेळा, असे मुले समजतात. प्रत्यक्षात दहा फेकींत नेमके पाच छापे पडण्याची संभाव्यता २५२/१०२४, म्हणजे चारात एक याहूनही किंचित कमी आहे. मग नाणे ‘भरपाई’ करते का? या प्रश्नाला केरिक यांच्या नोंदी फार चांगले उत्तर देतात. दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये स्थानबद्ध असताना जॉन केरिक या गणितज्ञाने नाणे १०,००० वेळा उडवून निकाल लिहून ठेवले. पहिल्या १०० फेकींत छापे ४४ होते, म्हणजे निम्म्यापेक्षा ६ कमी. १०,००० फेकींनंतर ते ५,०६७ झाले, म्हणजे निम्म्यापेक्षा ६७ जास्त. तफावत ६ वरून ६७ वर गेली, आणि तरीही प्रमाण ४४ टक्क्यांवरून ५०.६७ टक्क्यांवर आले. हे दोन आकडे फळ्यावर शेजारी लिहून मुलांना काही वेळ त्यांच्याकडे पाहू द्यावे. नाण्याने जुना हिशेब चुकता केला नाही; पुढच्या हजारो फेकींत सुरुवातीची तूट नगण्य ठरली.

दुसरा प्रयोग करायला दहा मिनिटे लागतात. अर्ध्या वर्गाने नाणे २० वेळा खरोखर उडवून छा-का अशी ओळ लिहावी, उरलेल्यांनी नाणे न उडवता मनाने तशीच ओळ लिहावी. कागदांवर कोणतीही खूण नको. सलग चार किंवा अधिक सारखे निकाल कोणत्या ओळींत आहेत ते पाहून मी कागद वेगळे करते. खऱ्या २० फेकींत अशी सलग मालिका असण्याची संभाव्यता सुमारे ७७ टक्के असते, आणि मनाने लिहिणारी मुले तिसऱ्या छाप्यानंतर हमखास काटा लिहितात. प्रत्येक कागद बरोबर ओळखता येत नाही, पण बरेच ओळखता येतात, आणि ‘तुम्ही कसे ओळखले?’ या प्रश्नापासून मुले स्वतःच पाळीच्या कल्पनेपर्यंत येतात.

‘होईल किंवा होणार नाही, म्हणून १/२’ म्हणणाऱ्या मुलासाठी फाशाचा प्रश्न पुरतो: ६ पडेल किंवा पडणार नाही, मग ६ ची संभाव्यता १/२ का? त्याच न्यायाने ५ ची १/२, ४ ची १/२ असे लिहीत गेले की सहा निष्पत्तींची बेरीज ३ येते. एकूण बेरीज १ असते आणि ० पेक्षा कमी व १ पेक्षा जास्त संभाव्यता असूच शकत नाही, हा संभाव्यतेचा ताळा त्याच वेळी शिकवावा. ०, संभाव्यता आणि १ यांच्यामध्ये दोन ‘≤’ खुणा लिहून ती असमानता मुलांना वाचायला सांगितली की दोन प्रकरणांमधली भिंतही पडते.

दोन्ही अडचणी एकत्र: ‘कमीत कमी एक छापा’

‘तीन नाणी उडवली. कमीत कमी एक छापा पडण्याची संभाव्यता किती?’ या प्रश्नाकडे मी आता दोन्ही प्रकरणांचा सांधा म्हणून पाहते. वर्गाकडून तीन उत्तरे येतात: ३/८, ४/८ आणि ७/८. कोणते बरोबर हे न सांगता तिन्ही फळ्यावर ठेवावीत, आठही निष्पत्ती मुलांकडून लिहून घ्याव्यात, आणि प्रत्येकीखाली छाप्यांची संख्या क्ष लिहावी.

छाछाछा ३, छाछाका २, छाकाछा २, काछाछा २, छाकाका १, काछाका १, काकाछा १, काकाका ०.

आता विचारावे: क्ष = ० चालेल का? १ चालेल का? २ चालेल का? मुले नाही, हो, हो म्हणतात; म्हणजे क्ष ≥ १, आणि सात निष्पत्ती उरतात. ३/८ हे क्ष = १ चे उत्तर होते, ४/८ हे क्ष ≤ १ चे. ज्यांनी ती उत्तरे दिली त्यांनाच आपण कोणता प्रश्न सोडवला होता हे सांगू द्यावे. १ − १/८ ही सोपी वाट यानंतर दाखवावी, आधी नको.

एकदा दोन फेकींच्या अशाच प्रश्नावर एका मुलीने हरकत घेतली होती: ‘पहिल्याच फेकीत छापा पडला तर काम झाले, दुसरी फेक करायचीच कशाला? म्हणजे छा, काछा, काका एवढ्या तीनच गोष्टी होऊ शकतात आणि उत्तर २/३.’ १७५४ साली दालांबेर या फ्रेंच गणितज्ञाने विश्वकोशातील नोंदीत हाच युक्तिवाद मांडला होता. मी तिला तो खोडून दाखवला नाही. तिच्याच नियमाने खेळ ४० वेळा खेळायला सांगितले. साधारण निम्मे खेळ पहिल्या फेकीतच संपतात, उरलेले निम्मे काछा आणि काका यांत विभागले जातात. तिच्या तीन गोष्टी बरोबर होत्या, पण समसंभाव्य नव्हत्या: १/२, १/४, १/४. पहिल्या दोन मिळवल्या की ३/४ येते. ‘निष्पत्ती मोजण्याआधी त्या समसंभाव्य आहेत का ते पाहा’ हे वाक्य त्या दिवसापासून तिच्या वहीच्या पहिल्या पानावर होते.

उपाय टिकला का, हे कसे पाहावे

प्रकरण संपल्यानंतर लगेच घेतलेल्या चाचणीवर विश्वास ठेवू नये. दर आठवड्याला पाच मिनिटे या दोन प्रकरणांतला एक प्रश्न, त्या दिवशीच्या विषयाशी संबंध नसताना, द्यावा. सहा आठवड्यांनी पुढील दोन प्रश्न पूर्वसूचना न देता विचारावेत.

अ) −३क्ष ≥ १२ सोडवा आणि आपले उत्तर तीन संख्यांनी तपासा.

आ) तीन नाणी उडवली. कमीत कमी दोन छापे पडण्याची संभाव्यता किती?

पहिल्याचे उत्तर क्ष ≤ −४. ताळ्यात −४ ला १२ ≥ १२ सत्य, −५ ला १५ ≥ १२ सत्य, ० ला ० ≥ १२ असत्य. उत्तर चुकले पण ताळा केला असेल, तर मुलाला कागद परत देऊन दहा मिनिटे द्यावीत. बहुतेक वेळा ते स्वतः दुरुस्त करते आणि वेगळे काही शिकवावे लागत नाही. ताळाच नसेल, तर तीन संख्यांच्या ताळ्यापासून पुन्हा सुरुवात करावी, दिशा उलटण्याच्या नियमापासून नव्हे. दुसऱ्याचे उत्तर ४/८. येथे ३/८ आले तर मुलाने ‘नेमके दोन’ मोजले आहेत, आणि ७/८ आले तर ‘कमीत कमी’ म्हणजे ‘जास्तीत जास्त’ असा अर्थ घेऊन शून्य, एक आणि दोन छापे मोजले आहेत. दोन्ही वेळा खेळाडूंच्या वाक्याकडे परत जावे. आणि कोणी निष्पत्तींची यादी न करता ‘अर्धे’ असे लिहिले असेल, तर उत्तर बरोबर धरण्यापूर्वी त्याला जवळ बोलावून कसे काढले ते अवश्य विचारावे: छापा आणि काटा यांची अदलाबदल केली तर दोन छाप्यांच्या जागी दोन काटे येतात, म्हणून दोन्ही बाजू समान, असे कारण त्याने दिले, तर ते यादीपेक्षाही सुंदर आहे, आणि ते त्याच्याच तोंडून साऱ्या वर्गाला ऐकवावे.